नमुना मोजा जमा करता येत नसल्याबाबत

प्रति,
मा. कार्यवाह,
नवउद्योग साहाय्य मंडळ,
सयाजीगंज, बडोदे.

विषय : उपकरणाचा एकमेव नमुना जमा करण्याच्या अटीतून सूट मिळणेबाबत.
संदर्भ : नमुना तातडीने जमा न केल्यास प्रस्ताव निकाली काढण्याचे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार मोहना शिर्के ही कोयलीच्या एका कारखान्यात यंत्रांचे दाब-तापमान सांभाळणारी अभियंता होती. तिची भाची अहल्या अपुऱ्या दिवसांची जन्मली. अशी बाळे मध्येच श्वास घ्यायला विसरतात. नर्स तळपायाला टिचकी मारते, मग त्यांना आठवते. एकाच नर्सला अनेक बाळांमागे धावताना पाहून अर्जदाराने श्वास थांबताच तळपायाला गुदगुल्या करणारा मोजा बनवायला घेतला व चांगली नोकरी सोडली. हा निर्णय शहाणपणाचा होता, असा दावा या अर्जात कोठेही केलेला नाही.

२. मंडळासमोरच्या पहिल्या प्रात्यक्षिकात मोजा बाहुलीला घातला होता. बाहुली श्वास घेत नसल्याने गुदगुल्या थांबेनात. उपकरण बरोबर होते, अर्जदाराची अक्कल चुकली होती. दुसऱ्या खेपेस तेच यंत्र मोठ्या मोज्यात बसवून अर्जदाराने स्वतः श्वास रोखला आणि गुदगुल्या होताच अध्यक्षांच्या चहाला लाथ मारली. गालिच्यावरील डागाबद्दल पुनश्च दिलगिरी.

३. त्यानंतर, वस्तू पायमोजा असल्याने वस्त्रोद्योग विभागाकडे जावे, असे आपण कळविले. अर्जदार तेथेही गेली. कारकुनाने मोजा उलटसुलट करून सांगितले, "बेन, आ तो डॉक्टरनुं काम छे." घरी पती अनय यांनी विचारले, "आता तरी थांबायचं का?" अर्जदाराने हो म्हटले आणि दुसऱ्या दिवशी सावली गावची बस पकडली.

४. सावलीच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. पूर्वीबेन यांनी रीतसर परवानग्या व आई-वडिलांची संमती घेऊन, रुग्णालयाच्या यंत्राच्या जोडीने मोजा एका बाळाला घातला. बाळाच्या उचकीलाही मोजा फसला, हे नमूद करणे भाग आहे. पण एका दुपारी खरोखरच श्वास थांबला, तेव्हा नर्स दुसऱ्या बाळाजवळ होती. ती धावत येईतो हे बाळ मोज्यावर चिडून रडत होते. ते पाहून अर्जदारही रडली. मात्र हे वैद्यकीय निष्कर्षात धरू नये.

५. बाळ आता सुदृढ असून त्यास मोज्याची गरज नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. तरीही घरी जाताना आईने तो पायातून काढू दिला नाही. आपले पत्र मिळताच अर्जदार बाळाच्या घरी गेली व तिने मंडळाचा नियम समजावून सांगितला. आई म्हणाली, "लई जाओ, बेन. पण पछी मने ऊंघ केवी रीते आवशे?" मोजा नेल्यावर तिच्या झोपेचे काय करावे, याचे उत्तर अर्जदाराच्या प्रस्तावात नाही. सबब मोज्याची बॅटरी बदलून, दिलेला चहा पिऊन अर्जदार रिकाम्या हाताने परतली.

६. तरी अट शिथिल करून पुढील चाचण्यांसाठी निधी मंजूर व्हावा, ही विनंती. अट शिथिल होत नसल्यास मंडळाने नमुना आपल्या माणसामार्फत मागवून घ्यावा. अर्जदारास ते पुन्हा जमणार नाही.

आपली नम्र व अद्याप न थकलेली,
मोहना अनय शिर्के
बडोदे, दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१. डॉ. पूर्वीबेन यांचे पत्र.
२. बाळाच्या घरचा पत्ता (कृपया दार हळू वाजवावे).