दादांच्या विरुद्ध, दादांच्या अक्षरात

तीर्थस्वरूप जाऊबाई,

धाकट्या जावेचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? दादांचा खोकला उतरला का? आमच्याकडे सगळं ठीक (तुमचे धाकटे दीर या खटल्यात तटस्थ आहेत, म्हणजे झोपले आहेत). भिंतीपलीकडे पत्र पाठवते म्हणून हसू नका. दादांनी दोन घरांतलं बोलणं बंद केलंय, लिहिण्याबद्दल काही म्हणाले नाहीत.

माझ्या पावाच्या भट्टीचा धूर तुमच्या खिडकीत येतो म्हणून दादा कोर्टात गेले, जिंकले आणि भट्टी बंद करायचा हुकूम झाला, इथवर तुम्हाला ठाऊक आहे. पण खरी दगदग हरल्यावर सुरू होते, हे जिंकणाऱ्यांच्या घरात कसं कळणार? मला वाटलं, वरच्या कोर्टात जाऊन सांगायचं की साहेब, हे काही बरोबर झालं नाही, की झालं अपील. वकीलबाई म्हणाल्या, आधी निकालाची प्रत आणा. मी झेरॉक्स दिली. ती चालत नाही म्हणे, कोर्टाच्या शिक्क्याची प्रमाणित नक्कल लागते. नकलेसाठी अर्ज, अर्जासाठी रांग, आणि खिडकीशी पोचल्यावर कळलं की ही रांग दुसऱ्याच कशाची तरी आहे (पुढच्या गृहस्थांचा घटस्फोट मात्र मला तोंडपाठ झाला).

मग अपिलाची कारणं. मी मनापासून लिहिली. लग्न होऊन आले तेव्हा दादांनी माझ्या पहिल्या पावाला वीट म्हटलं होतं, तिथपासून. वकीलबाईंनी अर्ध्यावर चष्मा काढला. "खालच्या कोर्टाचं काय चुकलं तेवढंच, क्रमांक देऊन. कहाणी नको." वाऱ्याची दिशा कुणी तपासलीच नाही, हा मुद्दा राहिला. वीट गेली. फार जिवाला लागलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी वकीलबाई दुसऱ्या कोर्टात अडकल्या, म्हणून गठ्ठा घेऊन मी एकटीच गेले. कारकुनाने (भला माणूस, पण सर्दीने बेजार) पानं उलटली आणि परत सरकवली. पानांना क्रमांक नाहीत, अनुक्रमणिका नाही, शेवटी माझी सही नाही, आणि वाऱ्याच्या मुद्द्यावरच लोण्याचा डाग. खिडकी बंद व्हायच्या आत दुरुस्त केलं तर ठीक, नाहीतर उशीर का झाला याचा वेगळा अर्ज. जाऊबाई, मी तिथल्या बाकावर मटकन बसले. हुकूम कायम झाला तर रोज पहाटे उठून मी करायचं तरी काय? डोळ्यांतलं पाणी कागदांवर पडू नये म्हणून मान वर करून बसले होते.

तर शेजारी दादा! मी अपील करते की नाही ते बघायला आले होते. जन्म गेला छापखान्यात मुद्रितं तपासण्यात. तो गठ्ठा बघून त्यांना गप्प राहवेना. "माझ्याविरुद्ध जायचंय ना? मग नीट जा!" म्हणाले आणि पेन काढलं. पानांना क्रमांक घातले, अनुक्रमणिका केली, सामनेवाल्याच्या, म्हणजे स्वतःच्याच, नावातली वेलांटी सुधारली. डागाचं पान नव्याने लिहून काढलं. वाऱ्यापाशी क्षणभर थांबले. "मुद्दा बरा आहे," म्हणाले, आणि पुढे लिहीत राहिले. मी त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली. कारकुनाने शिंकत शिक्का मारला. अपील दाखल झालं!

बाकी भेटीत (कोर्टाने भेटू दिलं तर).

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. सोबत अपिलाची प्रत आहे, ती सामनेवाल्याला द्यावीच लागते. दादांची पोचेची सही घेऊन ठेवा.

आणखी एक ता. क. नुसत्या अपिलाने हुकूम थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा केलाय; त्यावर निर्णय होईतो भट्टी थंडच. तोवर पहाटे तुमचा विजेचा ओव्हन वापरू द्याल का? खरं तर पत्र त्यासाठीच.

शेवटचा ता. क. ही कल्पना दादांचीच. हुकूम भट्टीबद्दल आहे, आमच्या ओव्हनबद्दल त्यात अवाक्षर नाही, असं कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ते समोर बघत म्हणाले. दुसऱ्या कुणाचा पाव त्यांच्या घशाखाली उतरत नाही म्हणे. हे तुम्हाला सांगायचं नाही असं बजावलंय, तेव्हा तुम्ही वाचलं नाही असं समजा.