माझ्या नावाचं ऑर्किड

मिंग-तुंग,

माशाची पेज शेगडीवर आहे, तुझ्या आईंना आधी वाढ. मी ह्वालिएनला ताईकडे चाललेय. परत कधी येईन ते तिथे पोचल्यावर ठरवेन.

ग्रीनहाऊसमध्ये मधल्या बाकावरच्या ऑर्किडची शेंग पिवळी पडायला लागलीये. तडकायच्या आत काप, नाहीतर सगळं बी धुळीसारखं उडून जाईल.

आता तुझ्या नव्या बुटक्या ऑर्किडचं. ताइनानच्या प्रदर्शनासाठी लिहिलेलं लेबल वाचलं. "कमी जागेत राहतं, थोड्या पाण्यात भागतं, कोपऱ्यात ठेवलं तरी महिनोन्‌महिने फुलतं." आणि वर ठळक अक्षरांत माझं नाव. काल मी ते वाचून परत टेबलावर ठेवलं तर म्हणालास, "अगं, बायकोचं नाव दिलं तरी तोंड वाकडंच?" आई म्हणाल्या, "हिच्यापेक्षा ते रोप बरं, रुसत तरी नाही." दोघंही हसलात.

छापखान्यात फोन करून मी लेबलं थांबवलीयेत. दुसरं नाव शोध. आईंचं दे हवं तर.

त्याच बियांतलं एक रोप उंच वाढलं, कुंडीत विकायच्या कामाचं नाही, म्हणून तू टाकायच्या ढिगात काढलं होतंस. ते मी सोबत नेतेय. व्हॅनमध्ये मागे फळ्यांमुळे उभं मावेना आणि फुलांचा दांडा कापायला माझा हात धजेना. म्हणून माझ्या शेजारची, तुझी सीट खोलून पडवीत ठेवलीये. बोल्ट चहाच्या रिकाम्या डब्यात आहेत.

सू-यिंग