नाकाचा शेंडा

सोमवार, ता. ३
मूत्ररोग विभागात आज पहिला दिवस. मित्रांनी घाबरवलं होतं तसला वास नाही. फिनेलचा येतो, आणि खिडक्यांतून भरपूर ऊन. आमच्या पाचजणांच्या टोळीला सरांनी खाटांभोवती फिरवलं. आधी पिशवीतल्या लघवीचा रंग बघायचा, मग माणसाशी बोलायचं, मग हात लावायचा. प्रोस्टेटची ग्रंथी मात्र गुदद्वारातून बोटानेच कळते. सरांनी आम्हाला स्वतःचं नाक दाबायला लावलं. शेंड्यासारखी लागली तर ठीक, कपाळासारखी टणक लागली तर कॅन्सरचा संशय. पाच भावी डॉक्टर ओळीने नाक दाबत उभे आणि पेशंट हसतायत. इथे माझं छान जमणार.

मंगळवार, ता. ४
मला चार नंबरची खाट मिळाली. पेशंट शिंपी, लघवी तुंबून आलेले, नळी घातलेली. सगळे त्यांना काकाच म्हणतात. चाळीस वर्षांत बोटात अंगुस्ताना घातला नाही म्हणाले, सुई बोटाला कळली पाहिजे. नळी असताना कॅन्सरसाठीच्या रक्ताच्या तपासणीवर भरवसा नसतो, म्हणून सगळी भिस्त बोटावर, असं सरांनी बजावलं होतं. मी पडदा ओढला, हातमोजा चढवला, जेली लावली. काका भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. खांदे थरथरत होते. मला फार ओशाळल्यासारखं झालं. मिनिटभर तसाच उभा राहिलो, मग मोजा काढून टाकला आणि म्हणालो, झालं. केसपेपरवर लिहिलं: मऊ, गुळगुळीत, नाकाच्या शेंड्यासारखी. काका म्हणाले, हात हलका आहे हो तुमचा, काही कळलंसुद्धा नाही.

बुधवार, ता. ५
सरांनी केसपेपर वाचून माझी पाठ थोपटली. स्वतः तपासतील असं वाटलं होतं, पण बाहेर गर्दी होती. काकांची नळी शनिवारी काढून अकरा वाजता घरी सोडणार. संशय असता तर तुकडा काढून तपासायला पाठवला असता.
कॅन्टीनमध्ये चहाचा ग्लास धरला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला फोड आला तेव्हा समजलं की चटका बसलाय. जेलीतल्या बधिर करणाऱ्या औषधाचा परिणाम राहिला असेल.

गुरुवार, ता. ६
बोटात टाचणी टोचून बघितली. रक्त आलं. दुखलं नाही.
दुपारी ताई भाच्याला घेऊन भेटायला आली. त्याने मुठीत माझं बोट पकडलं. मला ते फक्त दिसलं. तेव्हा मात्र घाबरलो. सरांना सगळं सांगायचं ठरवून त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. जाताना मनगटापर्यंत बधिर होतं. येताना कोपरापर्यंत.

शुक्रवार, ता. ७
वॉर्डातल्या सीनियरना हाताबद्दल विचारलं. ते उकळलेल्या अवजारांचा वाफाळता ट्रे उघड्या हातांनी उचलत होते. तळवे लालभडक. हसून म्हणाले, तुझा कुठला पेशंट? प्रत्येकाचा एक असतो, त्यांचा अकरा नंबर होता. खरं सांगितलं तर हात परत येतो का, विचारलं. म्हणाले, ठाऊक नाही, कुणी सांगितलेलंच नाही. आणि बरं असतं, काही लागत नाही.
काकांनी माझ्या ॲप्रनचं तुटलेलं बटण लावून दिलं. मला भरून यायला हवं होतं. नाही आलं.

शनिवार, ता. ८, साडेदहा
खांदा गेला. मान.
नाकाचा शेंडा दाबला, काही नाही. कपाळ दाबलं — तेच.
भीती होती, तीही —
सरांशी बोलायला गेलो. ओठ हलेनात. सर थोडं थांबले, मग पुढच्या खाटेकडे वळले.
नळी काढली. काकांनी शर्ट घातला. आता चपला शोधतायत. मला हात केला.
लिहूनच देतो. हे पान फाडून सरांच्या हातात. पेन डोळ्यांनी बघून धरलंय, सुटतंय —
सर, चार नंबरच्या काकांची तपासणी मी कधी