निळ्या काठाचा रुमाल

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

आज अण्णांवर फार ओरडले. सासऱ्यांशी इतक्या चढ्या आवाजात कधीच बोलले नव्हते.

शुक्रवारीच डॉक्टरांनी बजावलं होतं. किडन्या थकल्यात, रक्तात पोटॅशियम वाढलंय, हृदयावर येऊ शकतं. केळी आणि नारळपाणी एकदम बंद. आणि आज अण्णा गोदाघाटावरून पूजा सांगून आले, तर पिशवीत रुमालात बांधलेलं एक केळं आणि एकाची साल! मला वाटलं, यजमानांनी दिलेला प्रसाद. "प्रसाद नाकारता येत नाही म्हणून जीव द्यायचा का?" असं बोलले मी. काय हे बोलणं! अण्णा निळ्या काठाच्या रुमालाची घडी घालत राहिले. "चुकलं," एवढंच म्हणाले.

स्वयंपाकघरात आले आणि फळांची टोपली पाहिली. टोपलीत काल चार केळी उरली होती, आता दोनच. आणि निळ्या काठाचा रुमाल तर आपल्याच कपाटातला.

गेली दहा वर्षं रोज सकाळी मीच बांधून देते. उपाशीपोटी जाऊ नका, फळानं कधी कुणाचं वाईट होत नाही, हे माझंच पालुपद. आजही सगळ्यांचे डबे भरताना हात सवयीनं चालला असणार. चारच दिवसांत विसरले?

उद्या पुन्हा रक्त तपासायचंय.

आत्ता जाऊन विचारलं, "अण्णा, बंद केलंय हे ठाऊक होतं, मग खाल्लंत कशाला?"

"तू बांधून दिलंस," ते म्हणाले, "म्हणजे डॉक्टरांना विचारूनच दिलं असशील."