नोंदणी आवश्यक

मु. पो. कऱ्हाटी, ता. बारामती
शुक्रवार, जेवणानंतर

तीर्थरूप म्हस्कूमामांच्या पायांशी भाचा यशराज याचा वाकून नमस्कार.

पत्रास कारण लांबलचक आहे, म्हणून ते मागाहून येईल. आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना तुमचे शर्ट मळके दिसायला लागले असं आई म्हणाली, म्हणजे ऑपरेशन चांगलं झालं. म्हैस व्याली का तेही लिहा. इकडे सर्व खुशाल. (सर्व म्हणजे आई, निकिता आणि रोपं. अप्पा बुधवारपासून माझ्याशी बोललेले नाहीत, पण तब्येतीने उत्तम आहेत. न बोलता जेवलं की माणूस एक भाकरी जास्त खातो, हे मला या आठवड्यात कळलं.)

गेल्या महिन्यात लग्नाच्या मांडवात तुम्ही मला चारचौघांत विचारलं होतं, "दिवसभर त्या मोबाईलात मुंडी घालून बसतोस, त्यातनं निघतं काय?" मी तेव्हा रागाने पंगतीतून उठलो. (जिलबी संपली होती, पण मी रागानेच उठलो.) तुमचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर देणं माझ्याकडे राहिलं होतं. ते आता सविस्तर देतो. तुम्ही अजून साधा बटणांचा फोन वापरता, कुठल्याही ग्रुपवर नाही, त्यामुळे सगळ्या पाहुण्यारावळ्यांत माझ्याबद्दल बरं मत शिल्लक असलेले तुम्ही एकटेच आहात. ते मत हे पत्र संपेपर्यंत टिकवावं ही विनंती.

पहिली गोष्ट, मी मोबाईलपायी कॉलेज सोडलं असं तुम्हाला वाटतं, ते चूक आहे. कॉलेजने मोबाईलपायी मला सोडलं. दुसऱ्या वर्षी हजेरी ॲपवर आली. मी पहिल्या बाकावर बसलेलो आणि ॲपमध्ये गैरहजर. क्लार्ककडे गेलो तर तो म्हणाला, "ॲपमधी न्हायस म्हंजे न्हायस." मी म्हणालो, "मग न्हायच." आणि निघून आलो. या संभाषणाला अर्धं मिनिटही लागलं नसेल. नंतर बसमध्ये विचार करायला दीड तास मिळाला, पण तोवर बस मोरगावच्या पुढे आली होती आणि माघारी जायचं म्हणजे पुन्हा तिकीट काढायचं.

तेव्हापासून मी आपल्या रोपवाटिकेचं डिजिटल काम पाहतो. त्यासाठी बारामतीत एक दिवसाचं शिबिरही केलं. तिथले शहबाज सर फार हुशार. ते म्हणाले, घरात आणि धंद्यात जे काम रोज तेच ते करावं लागतं ते यंत्राला द्या आणि वाचलेला वेळ माणसांना द्या. मला हे इतकं पटलं की येताना मी गाडीवरच घराचा ग्रुप काढला. त्यात आईने काय आणायचं ते लिहायचं, अप्पांनी कामं सांगायची, धाकट्या निकिताने अभ्यास झाला की कळवायचं. पहिल्याच दिवशी मी कालवणासाठी मतदान ठेवलं, वांगं की दोडका. अप्पांनी दोन्हींना मत दिलं. दोडका जिंकला. आईने निकाल रद्द केला, कारण तिने वांगी आधीच चिरून ठेवली होती. अप्पांना निरोप बोलून पाठवायला शिकवलं, तर ते शेडनेटच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावरच्या मला चार-चार मिनिटांचे निरोप पाठवू लागले. ते निरोप मला ऐकायची गरज पडत नसे, कारण ते पाठवत असतानाच मला स्पष्ट ऐकू येत. पण सवय लागली हे महत्त्वाचं.

मग मी धंद्याकडे वळलो. लागणीच्या दिवसांत अप्पांना रोज पन्नास-साठ जण एकच गोष्ट विचारतात, रोपं झाली का. तेव्हा मी फोनमध्ये आपोआप जाणारं उत्तर बसवलं. कुणीही काहीही लिहिलं की त्याला दिवसातून एकदा, न चुकता, असं जायचं: "नमस्कार. आपला निरोप मिळाला, आभारी आहोत. सध्या मागणी जास्त असल्याने नोंदणी आवश्यक. नाव, गाव, वाण, संख्या व माल कधी हवा ती तारीख कळवावी. माल पाहूनच न्यावा. एकदा नेलेला माल परत घेतला जाणार नाही." हा मजकूर मीच लिहिला. शेवटची दोन वाक्यं अप्पांची. अप्पांनी तो तीनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "झ्याक. आता फोन उचलायची कटकट गेली." मला त्यांनी त्या वर्षात तेवढंच चांगलं म्हटलं, म्हणून शब्द जसेच्या तसे दिले.

आता अडचण एवढीच झाली की रोपवाटिकेच्या पाटीवर रंगवलेला नंबर माझाच आहे. (पाटी रंगवायच्या दिवशी अप्पांनी स्वतःचा नंबर द्यायला नकार दिला होता.) आणि उत्तर कुणाकुणाला जावं असं फोनने विचारलं तेव्हा मी 'सर्वांना' म्हटलं. धंद्यात भेदभाव नको. त्यामुळे थोरल्या आत्याने दिरांच्या दहाव्याचा दिवस कळवला, त्यावर तिला वाण आणि संख्या विचारली गेली. आपला पिकअपवाला इब्राहिम जेजुरीच्या अलीकडे पंक्चर होऊन उभा होता, त्याने जॅक मागितला, तर त्याला मागणी जास्त असल्याचं कळलं. तो तासभर उन्हात थांबला. आता तो मला भेटला की रामराम करत नाही, "नोंदणी आवश्यक," म्हणतो.

इथवर सगळं निभावलं असतं. पण मामा, यात एक व्यक्ती आहे. तिचं नाव मी लिहीत नाही, सदर व्यक्ती म्हणतो. सदर व्यक्ती दोन वर्षांपूर्वी वडिलांबरोबर इंदापूरहून मिरचीची रोपं न्यायला आली होती. ट्रे भरून झाले तर तिने एकेक ट्रे खाली उतरवला, मोजला आणि म्हणाली, "ह्यात चार घरं रिकामी हायत. चार रोपं द्या." मी म्हणालो, शेकड्यात चार जातातच. ती म्हणाली, "मग पैशातली बी चार जाऊ द्यात." मी अर्धा तास भांडलो. ती बरोबर होती. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. फोनमध्ये तिचा नंबर मी 'मिरची इंदापूर' म्हणून ठेवला, म्हणजे अप्पांनी पाहिलं तरी हरकत नाही. अप्पा दोन वर्षं पाहत होते. मध्ये एकदा म्हणाले, "हे इंदापूरचं गिऱ्हाईक रोज बोलतंय, आन नेत काय न्हाय."

गेल्या शनिवारी आमचं किरकोळ वाजलं. मी स्टेटसला रिकाम्या ट्रेचा फोटो ठेवून खाली माणसं कशी विसरतात याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. एकशे त्रेचाळीस लोकांनी ते पाहिलं. सदर व्यक्तीनेही पाहिलं आणि काहीच म्हणाली नाही. (एकशे बेचाळीस जणही काही म्हणाले नव्हते, पण त्यांचं सोडा.) मला राग आला. तिचं बोलणं मी फोनमध्ये नजरेआड टाकायची सोय असते तिथे टाकलं आणि चार दिवस उघडायचं नाही असं ठरवलं. सोमवारी तिने लिहिलं, "रविवारी मला बघायला पाव्हणे येतायत. तुझं काय म्हणणं हाय?" तिला कळवण्यात आलं की नोंदणी आवश्यक. मंगळवारी तिने लिहिलं, "चेष्टा सुचतीय का तुला?" तिला कळवण्यात आलं की माल पाहूनच न्यावा. बुधवारी सकाळी तिने लिहिलं, "शेवटचं विचारते." तिला कळवण्यात आलं की एकदा नेलेला माल परत घेतला जाणार नाही.

बुधवारी दुपारी माझे चार दिवस भरले आणि मी ते उघडलं. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण लेखी उपलब्ध आहे. मी लिहिलं की ती उत्तरं माझी नव्हेत, यंत्राची आहेत, मी मूर्ख आहे, तुझ्याशिवाय मला रोपवाटिकेत उभं राहवत नाही, रविवारी येणाऱ्यांना सांग की जमलेलं आहे, मी स्वतः येतो, आणि मी कुणाच्या बापाला भीत नाही. आधी ते वेगळं लिहून काढलं आणि घाईत नाव शोधून धाडलं. 'मिरची इंदापूर'च्या बरोबर वर 'मिरची इंदापूर सर्व' अशी यादी आहे, तिकडच्या मिरचीवाल्या शेतकऱ्यांना एकदम निरोप धाडायची. एकसष्ट जण आहेत. हा मजकूर त्या एकसष्टांना गेला. मामा, सदर व्यक्ती त्या यादीत नाही. आख्ख्या तालुक्यात तिला एकटीलाच तो मिळाला नाही.

लोक चांगले असतात. एकाने लिहिलं, "आमी बी कुणाला भीत न्हाय. पण रोपांना मर लागलीय, काय मारू?" एका म्हाताऱ्याने लिहिलं, "बाळा, आधी जेवून घे." सदर व्यक्तीचे वडील यादीत आहेत. त्यांनी लिहिलं, "चुकून आलं वाटतं. तीस ट्रे मिरची पाहिजे, कधी पोचवाल?" थोरल्या आत्याची मिरचीही त्याच भागात, त्यामुळे तीही यादीत होती. दहाव्याचा राग तिच्या मनात होताच. तिने ते सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं. दहाव्या मिनिटाला अप्पा शेडनेटमधून चालत आले (पहिल्यांदाच, न बोलता) आणि माझा फोन व गाडीची किल्ली घेऊन गेले.

फोन आता ऑफिसच्या खणात चार्जरला लावून ठेवलेला आहे आणि तिथून सर्वांना उत्तरं देतो आहे, कारण ते बंद कसं करायचं हे फक्त मला येतं आणि मला कुणी विचारत नाही. येणाऱ्या मागण्या निकिता वहीत उतरवते, शेजारी अप्पा बसलेले असतात. सदर व्यक्तीचा नंबर मला पाठ नाही. पाठ करायची वेळच येणार नाही अशी सोय मी स्वतःच करून ठेवली होती. एसटीने इंदापूरला जाता आलं असतं, पण मी गेलो की भांडण होतं हे तुम्हालाही माहीत आहे.

तर मामा, मोबाईलमधून काय निघतं याचं हे उत्तर. साधन चांगलंच आहे. शहबाज सर बरोबर होते, रोज तेच ते करावं लागतं ते काम यंत्राला द्यावं. कुठलं काम रोजचं आणि कुठलं नाही, हे ते जेवणाच्या सुट्टीनंतर सांगणार होते आणि मी जेवणाच्या सुट्टीत ग्रुप काढायला निघून आलो होतो. मामींना नमस्कार. म्हशीला चारा घालताना वाकू नका.

तुमचा आज्ञाधारक (या आठवड्यापासून) भाचा,
यशराज

ता. क. रविवारी तुम्ही कोऱ्हाळे बुद्रुकच्या पाहुण्यांना घेऊन रतनरावांची वृषाली दाखवायला जाणार आहात असं आई म्हणाली. मध्यस्थ तुम्हीच आहात. मामा, सदर व्यक्ती तीच आहे. हे नाव मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाहुणे आधी तुमच्याकडे चहाला येतील, त्यांना अकरापर्यंत बसवून ठेवा, तोवर मी कसाही इंदापूर गाठतो, एवढंच मागणं आहे. मामींना पोहे करायला सांगा, ते सावकाश करायला सांगा. वर गुडघ्याची चौकशी केली ती मनापासूनच, पण रविवारी सकाळी तो थोडा जास्त दुखला तर फार बरं होईल.

ता. क. दुसरा. मी कुणाच्या बापाला भीत नाही असं वर लिहिलं आहे. रतनरावांना भितो. त्यांच्यापुढे तुम्ही माझ्या बाजूला उभे राहाल का? बोलू नका, नुसते उभे राहा.

ता. क. तिसरा. शनिवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. (टपालाने रविवारच्या आत पोचणार नाही, म्हणून आज इब्राहिमच्या हाती देतो.) निकिता आत्ता मागण्यांची वही माझ्यापुढे ठेवून गेली. शेवटची नोंद तिच्या अक्षरात अशी आहे. "नाव: मिरची इंदापूर. गाव: इंदापूर. वाण: तापट, कॉलेज अर्धवट. संख्या: एक. कधी हवा: रविवार, सकाळी नऊच्या आत. शेरा: माल दोन वर्षांपूर्वी पाहिलेला आहे. परत करणार नाही." वडिलांच्या फोनवर तिने माझा मजकूर वाचला असणार. यंत्राने आभार मानलेले आहेत. तिच्या खालीच रतनरावांचे तीस ट्रे आहेत. दोन्ही नोंदींना अप्पांनी मिळून एक कंस केला आहे. मी वही घेऊन गेलो तर त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "नेतंय म्हणायचं गिऱ्हाईक एकदाचं. इब्राहिमला सांग, एका खेपेतच दोन्ही पोचवू. आन तो निळा शर्ट घालू नको, धुतलेला घाल." बुधवारनंतर ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. पुढे अप्पा आणि इब्राहिम बसतील, मी मागे ट्रे धरून उभा असेन. ट्रे आत्ताच मोजून आलो, एकही घर रिकामं नाही. पोहे मात्र अकरापर्यंत पुरवा.