नाइट शिफ्टचा रियाज

वैशाली नगर, भिलाई

प्रिय माणिक,

तू आत झोपला आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुलाच पत्र लिहिते आहे. हसू नकोस. तू जागा असतोस तेव्हा तुला भूक लागलेली असते, नाहीतर ड्यूटीची घाई असते, आणि मला जे सांगायचं आहे ते पोळ्या लाटता लाटता सांगण्यासारखं नाही.

तू नाइट करून येतोस, पडदे ओढतोस, आणि त्यानंतर या घरात काय होतं हे तुला ठाऊकच नाही. कुकर मी लावत नाही, वरण पातेल्यात शिजवते. दारावरची बेल बंद असते. भाजीवाली भागाबाईसुद्धा आपल्या गल्लीत शिरली की आरोळी गिळते आणि फाटकाशी येऊन हात हलवते. उर्वी आणि मी खुणांनी बोलतो. परवा तिच्या शाळेत गेले तर टीचर म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, पण उत्तर देते ते पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. मी मान डोलावून घरी आले.

मी उगीच नाही हे सगळं करत. उर्वीच्या बारशाला पाहुण्यांच्या गोंधळात तुला दिवसभर झोप मिळाली नव्हती आणि त्याच रात्री ड्यूटीवर क्रेन चालवताना तुझा डोळा लागला होता. क्रेनला वितळलेल्या पोलादाचं भांडं टांगलेलं आणि खाली माणसं. घरी आल्यावर तू उंबऱ्यावरच बसलास आणि मला ते सांगितलंस. कोणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून तुझी झोप मी डोळ्यांत तेल घालून राखते.

माझी बी.एस्सी. कपाटात धूळ खात होती. आता संगीताची पदवी कर असं तूच म्हणालास, पद्मनाभपूरला आनंदराव मास्तरांकडे स्कूटरवर बसवून तूच घेऊन गेलास. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, ते विसरलेले नाही. पण रियाज करायचा कधी? तुझी नाइट नसते तेव्हा भिंतीपलीकडे शेजारच्या भूषणभाऊजींची असते. म्हणून मी तोंड मिटून रियाज केला. कानात इअरफोन, मोबाइलवर तानपुरा, ओठ बंद, आणि सगळ्या ताना घशातल्या घशात. आणि तू मित्रांना सांगतोस, "आमची नीरजा रोज रियाज करते, पण आपली झोप इतकी गाढ, मले पत्ताच लागत नाही!" तू हे अभिमानानं सांगतोस, म्हणून तर जास्त राग येतो.

आधीच्या परीक्षा माइक तोंडाशी घेऊन कशाबशा निभावल्या. गेल्या रविवारी मात्र मास्तरांनी मला मध्येच थांबवलं. "बाई, काहून इतकं दाबून गाऊन राहिल्या? इथं कोनी झोपलं आहे का?" सगळे हसले. मीही हसले, आणि बाहेर स्कूटर स्टँडपाशी उभी राहून रडले.

तू आणि उर्वी नागपूरला लग्नाला गेलात ना, तेव्हा मी मुद्दाम मागे राहिले. भूषणभाऊजीही ड्यूटीवर होते. दार लावून बसले आणि सा लावायला तोंड उघडलं. सूर निघतो न निघतो तोच माझी नजर तुझ्या खोलीच्या दाराकडे गेली. पलंग रिकामा होता, तरी मी दचकून ओठ मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. माणिक, मी घाबरले. घरात कोणी नसलं तरी मला गाता येत नाही.

आता शेवटची परीक्षा आहे, मंचावर, माइकशिवाय. तू त्या दिवसाची सुट्टी काढली आहेस आणि पहिल्या रांगेत बसणार म्हणून सगळ्यांना सांगत सुटला आहेस. म्हणूनच हे लिहिते. ती सुट्टी मला नको. तिच्याऐवजी या आठवड्याच्या नाइट सोड, रजा टाक, आणि दिवसा घरात जागा राहा. भांडी वाजव, टीव्ही लाव, भूषणभाऊजींना काय सांगायचं ते तूच सांग. तू समोर जागा बसलेला दिसलास तरच माझं तोंड उघडेल. हे जमणार नसेल तर मी परीक्षेला बसणार नाही, आणि मग मला कारण विचारू नकोस. उठून हे वाचलंस की मला हाक मार. मी गच्चीवर कपडे वाळत घालत असेन. जोरात मार.

तुझीच, आज जरा चिडलेली,
नीरजा