मंडळाच्या पडद्यावरचे बैल

गंगापूर रोड, नाशिक
दसऱ्यानंतरचा रविवार, २००४

तीर्थरूप सिंधुआत्यास,

उज्वलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वैद्यांनी दिलेलं तेल लावतेस, की फडताळातली बाटली बघूनच बरं वाटतं? (रागावू नकोस. पत्रात आधी तब्येत विचारावी हे तूच शिकवलंस. ती खरोखर विचारावी, एवढी भर माझी.) माझा दमा गप्प आहे, जेवण वेळेवर होतं, आणि घरमालकीणबाई चांगल्या आहेत, मी दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासते म्हणून हसतात, तेवढंच.

दादाची अट तुला ठाऊक आहे, तुझ्याच ओसरीवर बसून घातली होती त्याने: दिवाळीपर्यंत नोकरी कायम झाली तर ठीक, नाहीतर बोचकं उचलून सायखेड्याला यायचं आणि स्थळांपुढे पोहे घेऊन उभं राहायचं. आमच्या कंपनीचे मालक दीपक सर (कंपनी म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या) यांनी पंचवटीतल्या एका वधूवर मंडळाची वेबसाइट माझ्या एकटीवर सोपवली आणि म्हणाले, ही नीट उभी केलीस तर कायमचं पत्र देतो. म्हणजे बघ, स्वतःचं लग्न लांबणीवर टाकण्यासाठी मी जिल्हाभरच्या लग्नांची सोय करत होते.

आता झालेल्या घोटाळ्यात तुझाही थोडा हात आहे, हे नम्रपणे सांगते. दम्यामुळे चौथीपर्यंत तू मला घरी शिकवलंस, आणि तुझा पहिला धडा होता पूर्ण पत्त्याचा. नाव, गाव, पोस्ट, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. एक ओळ गाळली की पुन्हा पहिल्यापासून. ती सवय माझ्या हाडात गेली आहे. कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक फोटोलाही पत्ता असतो, त्याला पाथ म्हणतात. मी उपवर मुलांच्या प्रत्येक फोटोचा पत्ता अगदी तुझ्या शिस्तीने लिहिला: सी ड्राइव्ह, त्यात फोटो नावाचं फोल्डर, त्यात एक नंबरचा फोटो. पानांच्या पत्त्यांतही प्रत्येक ठिकाणी साइटचं नाव, ‘वधूवर’, न चुकता घातलं. ऑफिसात सगळं लख्ख चाललं. मी इतक्यांदा तपासलं की दीपक सर म्हणाले, “उज्वला, बास कर आता. तुझं तपासून होईपर्यंत हे नवरे म्हातारे होतील.”

मग साइट भाड्याच्या सर्व्हरवर चढवली आणि आम्ही मंडळात दाखवायला गेलो. मंडळाचे अध्यक्ष कारभारी अण्णा, कमिटीची माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे खुर्ची ओढून अण्णांच्या आई अक्काबाई. पहिलं पान उघडलं, वाहवा झाली. अण्णांनी ‘वर पाहा’वर क्लिक केलं आणि पडद्यावर आलं की असं पानच अस्तित्वात नाही. झालं होतं असं, की सर्व्हरवाल्यांनी आमची साइट ‘मंडळ’ या नावाने ठेवली होती. सासरी गेलेल्या मुलीचं नाव बदलतात, तसं. आणि मी आपली दारात उभी राहून माहेरच्या नावाने हाका मारतेय. ओ कोण देणार? मी घाईघाईने नव्या नावाचा पत्ता हाताने टाइप केला. पान उघडलं, आणि उघडलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

पहिल्या वराचं नाव बरोबर. शिक्षण बी.एस्सी. ॲग्री, द्राक्षबाग चार एकर, निर्व्यसनी. शेजारी फोटो: पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ.

अक्काबाईंनी चष्मा सावरला. “कारभारी, हा तर आपला चांद्या. ह्याचं लगीन कधी काढलंस रे?”

“आई, थांब जरा.”

“अन् तो दुसरा ढवळ्या हाय ना? बँकेत लागला म्हनं!”

कमिटीतले एक गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, “अण्णा, स्थळ सोडू नका. मान खाली घालून काम करतो, उलट उत्तर नाय.”

कारण ऐक. मी लिहिलेला पत्ता पूर्ण होता, पण तो माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा होता. सी ड्राइव्ह प्रत्येक कॉम्प्युटरला असतो. जो साइट बघेल त्याच्याच सी ड्राइव्हमध्ये फोटोचा शोध व्हायचा. अण्णांच्या कॉम्प्युटरवर नेमकं त्याच नावाचं फोल्डर होतं, आणि त्यात पुतण्याने पोळ्याचे फोटो एकापासून नंबर देऊन भरले होते. ऑफिसात साइटही माझ्याच कॉम्प्युटरवर आणि बघणारीही मीच, त्यामुळे हजारदा तपासूनही हे दिसणार नव्हतं.

मी उभी राहिले आणि चूक माझी आहे असं सांगितलं. परतताना दीपक सर रिक्षात शेजारीच बसले होते. मला डोळ्यांपुढे पोह्यांची बशी दिसत होती. शेवटी ते म्हणाले, “अगं, साइट जिथे राहते तिथून पुढची वाट सांगायची. तिच्याबाहेरचं जग तिला कशाला?” आणि हसायला लागले. हसणारा माणूस नोकरीवरून काढत नाही असं मी धरून चालले.

मग सगळं मोडून नीट केलं. आम्ही प्रोग्रॅम लिहितो त्या जावा भाषेत यासाठी सोय आहे: आधी साइटलाच विचारायचं, बाई, तू सध्या कोणत्या नावाने राहतेस? ती सांगेल तो तिचा कॉन्टेक्स्ट पाथ, तो पुढे लावून मग हाक मारायची. फोटोही साइटच्याच घरात हलवले. उद्या पुन्हा नाव बदललं तरी चिंता नाही. दुसऱ्यांदा मंडळात दाखवलं तेव्हा सगळे नवरे माणसाचे निघाले. अक्काबाईंचा जरा विरस झाला. आणि आत्या, शुक्रवारी मला कायमचं पत्र मिळालं! संध्याकाळी गंगापूर रोडवरून उगाचच लांबच्या वाटेने चालत घरी आले.

काका आणि घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार. लहानांना काय सांगायचं ते तुला माझ्यापेक्षा बरं सुचेल.

तुझी,
उज्वला

ता. क. – दादाला नोकरीचं तू सांग. बैलांचं गाळून सांग.

दुसरा ता. क. – खरं काम हे आहे. साइट तपासताना एक वधू हवी होती. परक्या मुलीचा फोटो न विचारता वापरणं मनाला पटेना, म्हणून माझाच घातला, माहितीही खरी लिहिली (खोटं कशाला लिहायचं?), आणि पालक म्हणून तुझं नाव, कारण दादाचं लिहायला हात धजेना. पुढे काढायचं राहून गेलं. पाथ चुकीचे होते तोवर माझा फोटो फक्त मला दिसत होता. मी ते दुरुस्त केल्यापासून तो जिल्हाभर दिसतोय. मंडळाचा नियम असा, की मुलीला स्वतःचं नाव काढता येत नाही, पालकाची सही लागते; पोरी रुसून नावं काढतात आणि आईबाप अण्णांशी भांडायला येतात म्हणून. मला एका ओळीत पुसता येईल, पण नियम तो नियम, आणि प्रोग्रॅममध्ये तो मीच लिहिलाय. सोबत अर्ज आहे. फुलीपाशी सही करून उलट टपाली पाठव. दादाला दिसू देऊ नकोस.

तिसरा ता. क. – पाकीट चिकटवण्याआधी ऑफिसात जाऊन आले. माझ्या नोंदीवर देवळाली कॅम्पच्या एका मुलाचा निरोप आलाय. पत्रिका मागितली नाही, फोटोबद्दल एक अक्षर नाही. एवढंच लिहिलंय, की शोधाच्या पानावर खालून तिसरी लिंक अजून उघडत नाही, बहुधा तिच्यात साइटचं जुनं नाव राहिलंय. मी तपासलं. त्याचं बरोबर आहे. सहीची घाई करू नकोस.